चाचणीचा सेल

दुकानाच्या आतल्या भिंतीवर दोन खिळे होते. त्यांच्यात एक वीत आणि दोन बोटं एवढं अंतर. डाव्या खिळ्याला लाल दोरा गुंडाळलेला होता, उजव्याला हिरवा. लाल खिळ्यावरचं घड्याळ अजून चाचणीवर आहे, हिरव्यावरचं गिऱ्हाइकाला द्यायला तयार आहे, असा वाक्रूळकरांच्या दुकानातला नियम. रविवारी सकाळी सव्वाआठला लीयाने शटर वर केलं, दिवा लावला आणि सवयीने भिंतीकडे पाहिलं. दोन्ही खिळे रिकामे होते.

शुक्रवारी दुपारी लाल खिळ्यावर एक घड्याळ होतं. काळ्या पट्ट्याचं, साधं, आकडे दाखवणारं. नितेशचं.

तिने टेबलावरचा लाकडी ट्रे पुढे ओढला. त्यात नितेशची पावती होती आणि पावतीला रबरबँडने बांधलेला नवा सेल. सेलचं पाकीट फोडलेलं नव्हतं.

लीया खुर्चीवर बसली. पेणच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. कुठल्याही गोष्टीचा आधी अर्थ लावायचा आणि मग घाबरायचं, अशी तिने स्वतःला सवय लावून घेतली होती. या गोष्टीचा अर्थ लावायला तिला चार सेकंदही लागले नाहीत.

तिचे वडील सॉलोमन दुरुस्त केलेल्या घड्याळात लगेच नवा सेल घालत नसत. त्यांच्याकडे एक डबी होती, अर्धे संपलेले सेल साठवलेली. त्यांतला एक घालून ते घड्याळ दोन-तीन दिवस लाल खिळ्यावर टांगत. भरल्या पोटी सगळेच धावतात, उपाशी पोटी धावतो तो खरा, असं त्यांचं म्हणणं. सर्किट कुठे चोरून वीज खात असेल, तर अशक्त सेलवर ते लगेच कळतं. घड्याळ चाचणीत उतरलं की मग जुना सेल काढायचा, पावतीचा नवा सेल घालायचा आणि घड्याळ हिरव्या खिळ्यावर लावायचं. चाळीस वर्षांत यात फरक पडला नव्हता.

नवा सेल ट्रेमध्ये होता. म्हणजे घड्याळ चाचणीच्या सेलवरच गेलं होतं.

शेजारच्या पापडांच्या दुकानातून धोंडुबाई डोकावल्या. शनिवारी वाक्रूळकरांचं दुकान बंद असे. ज्यूंच्या शब्बाथच्या दिवशी ते कामाला हात लावत नसत, म्हणून तीस वर्षं शनिवारची किल्ली धोंडुबाईंकडे होती. कुणी घड्याळ न्यायला आलं, तर हिरव्या खिळ्यावरचं काढून द्यायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

"काय गो लीया, तोंड असं का झालंय तुझं?"

"मावशी, नितेशचं घड्याळ तुम्ही दिलंत?"

"व्हय. काल अकराला आला नि घेऊन गेला. का?"

"कुठल्या खिळ्यावरचं?"

"हिरव्या." धोंडुबाईंनी कमरेवर हात ठेवला. "मी लाल दोऱ्याला हात लावीन काय? तुझ्या आईने, डेबोराने, शिकवलंय मला. चुकले असते तर तिने माझंच लाटणं घेऊन मला हाणली असती."

लीयाला ते खरं वाटलं. खोटं वाटलं असतं तर बरं झालं असतं. मागून सॉलोमन छत्री कोपऱ्यात ठेवत आत आले. वय एकाहत्तर, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा.

"पप्पा, नितेशच्या घड्याळात नवा सेल घातलात?"

"घातला की. शुक्रवारी. घालूनच हिरव्यावर लावलं."

त्यांचा आवाज शांत, खात्रीचा होता. लीयाने ट्रे त्यांच्यापुढे केला. त्यांनी पावतीकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"हा दुसऱ्या कुणाचा असेल," ते म्हणाले.

नोव्हेंबरमध्ये अलिबागच्या डॉक्टरांनी लीयाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पप्पांचं हे विसरणं हळूहळू वाढत जाईल. हातांची आठवण सगळ्यांत शेवटी जाते, त्यामुळे काम करताना ते पूर्वीसारखेच वाटतील. पण त्यांच्या कामावर कुणाचा भरवसा असेल, तर ते काम आता थांबवायला हवं. लीयाने मान डोलावली होती. मग म्हणाली होती, पेसाहचा सण होऊ दे. मग, परीक्षा होऊ देत. भाऊ नथानियल इस्राएलमधल्या अश्दोदहून दर शुक्रवारी फोन करायचा आणि शेवटी आवाज खाली आणून विचारायचा, "बोललीस?" ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात." मे उजाडला होता. दुकान बंद करा, हे तीन शब्द तिच्याच्याने वडिलांसमोर निघाले नव्हते.

आणि बुधवारी नितेश इथेच, याच टेबलापाशी उभा होता. रोह्याजवळ धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत तो कंत्राटी कामगार. कंपनी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असली की टाक्या आतून साफ करायचं काम त्याच्या टोळीकडे येई. आत एक माणूस उतरतो, अंगभर रबरी सूट घालून. नितेश टाकीच्या तोंडाशी रश्शी धरून बसतो.

"काका, शनिवारपर्यंत पायजे," तो म्हणाला होता. "रविवारी टाकी हाय. फोन गेटवर काढून घेतात, नि हातातलं ते नवीन टचवालं घड्याळ पण चालत नाय. हाच आपला वीस रुपयाचा सेलवाला देव."

"हातात बांधतोस ना?" लीयाने सहज विचारलं होतं.

"नाय हो मॅडम. हेल्मेटच्या पट्ट्याला, कानापाशी. वारा मारायचा पंखा एवढा ओरडतो की हातातलं ऐकू येत नाय. वीस मिनिटं लावायची, पिपपिप झालं की माणूस वर. वीसच्या वर राहिला तर सूटमध्ये शिजतो. इडली होते."

सगळे हसले होते. सॉलोमनही.

आता लीयाला त्यातलं एकच वाक्य आठवत होतं. कानापाशी. म्हणजे त्याला आकडे दिसत नाहीत. तो फक्त आवाजाची वाट बघतो.

तिने नितेशला फोन लावला. बंद. त्याच्या बायकोला, मनालीला लावला.

"ते सातलाच गेले, मॅडम. नऊला टाकीत उतरणार म्हणत होते. काय झालं?"

"काही नाही," लीया म्हणाली. "पावतीचं विचारायचं होतं. त्यांच्या मुकादमाचा नंबर आहे?"

"त्यांचा पण फोन गेटवरच असतो. आज प्रविणभावजी आत उतरणार, म्हणून हे जरा निवांत होते. प्रविणभावजी काटक हायेत."

कंपनीचा नंबर इंटरनेटवर मिळाला तो मुंबईच्या ऑफिसचा. रविवार होता. तिथे एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात सोमवारी फोन करायला सांगत होती.

नऊला पंचवीस मिनिटं कमी होती. पेणहून धाटाव म्हणजे सव्वा तास, वडखळला रस्ता मोकळा मिळाला तर. तिने नवा सेल पर्समध्ये टाकला आणि वडिलांना म्हणाली, "चला." त्यांना दुकानात एकटं सोडायचं नव्हतं. दुकानात अजून अकरा घड्याळं होती.

वडखळच्या नाक्यावर डोलवीच्या कारखान्याच्या बसची रांग लागली होती. लीयाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. थांबलेल्या गाडीत तिने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. घड्याळातला क्वार्ट्‌झचा चिमट्याच्या आकाराचा इवलासा स्फटिक एका सेकंदात तेवढ्या वेळा थरथरतो. त्याचं अर्धं, सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. पुन्हा अर्धं, आठ हजार एकशे ब्याण्णव. पंधरा वेळा अर्धं केलं की एक उरतो. तोच सेकंद. घड्याळातलं सर्किट एवढंच करतं, न थकता अर्धं अर्धं करत जातं. वर्गात फळ्यावर ती हे आकडे लिहायची तेव्हा मुलं शांत होत. आज एकावर पोचून ती पुन्हा वरून सुरू करत होती.

"पप्पा, चाचणीचा सेल नुसती वेळ किती दिवस दाखवेल?"

"दाखवेल की, महिनाभर." सॉलोमन खिडकीबाहेर बघत होते. "आकडे दाखवायला लागतंच काय? ते स्वतः उजेड देत नाहीत, नुसता अडवतात. झडप उघडली, झडप मिटली. मुंगीच्या ताकदीचं काम."

"आणि अलार्म वाजला तर?"

"अलार्म हमाली आहे. हजारपट वीज ओढतो. अशक्त सेल तिथे मान टाकतो. व्होल्टेज पडलं की सर्किटची स्मृती जाते. बारा शून्य शून्यपासून पुन्हा सुरू. वर म्हणशील तर चेहऱ्यावर काही दिसत नाही, आकडे आपले चालूच."

स्मृती जाते, हे शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारले की लीयाने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

रांग सुटली. नागोठण्याच्या दिशेने तिने गाडी पळवली.

"शहात्तर साली एझरामामाने बोटीवरून एक आणलेलं," सॉलोमन बोलायला लागले होते. "काळी काच, आत काहीच नाही. बटण दाबलं की लाल आकडे पेटायचे. निखाऱ्यासारखे. वीज एवढी खायचं की सतत पेटतं ठेवता यायचं नाही, म्हणून बटण. माझे वडील बघत राहिले. म्हणाले, शनिवारी दिवा पेटवायचा नाही, म्हणजे शनिवारी ह्याच्यात वेळच नाही. हे घड्याळ आपल्यापेक्षा कट्टर आहे."

ते स्वतःशी हसले. "मग दोन-तीन वर्षांत ते राखाडी आकडेवालं आलं, सतत दिसणारं. शब्बाथची अडचण मिटली. मी वडिलांना म्हटलं, आता हे शिकायला पाहिजे. ते म्हणाले, त्यात ना चाक, ना स्प्रिंग, दुरुस्त काय करणार, कपाळ? मी मुंबईला जाऊन सहा महिने सोल्डरिंग शिकलो. पेणमध्ये क्वार्ट्‌झ उघडणारा पहिला मी."

सगळं बरोबर होतं. साल, मामाचं नाव, लाल आकडे. लीयाने घड्याळ पाहिलं. नऊ पंचवीस. नऊला उतरला असेल तर पहिली वीस मिनिटं संपली. पहिल्याच अलार्मला सेलने मान टाकली असेल, तर प्रविण अजून आत आहे. बाहेर पंखा ओरडतो आहे. नितेश कानाशी येणाऱ्या आवाजाची वाट बघतो आहे आणि त्याला वाटतं आहे, अजून वीस मिनिटं झाली नाहीत. तापलेली लोखंडी टाकी, त्यात रबराचा सूट. शरीराचं तापमान चाळिसाच्या वर गेलं की माणूस आधी चुकीचं बोलतो, मग बोलत नाही. हेही तिला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर बरं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

भिसे खिंडीच्या वळणांवर सॉलोमननी समोरचा दांडा धरला.

"एवढी जोरात का चालवतेस?" त्यांनी मवाळपणे विचारलं. "कुणाकडे बाळबीळ झालंय का?"

"नितेशकडे चाललोय, पप्पा. घड्याळासाठी."

"हां, हां." ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यात मी नवा सेल घातलाय."

दहाला पाच मिनिटं कमी असताना ती कंपनीच्या गेटशी पोचली. आत नळ्यांचं जंगल होतं आणि कुठूनतरी पंख्याचा एकसुरी आवाज येत होता. सिक्युरिटीच्या माणसाने रजिस्टर पुढे सरकवलं.

"नाव लिहा. कुणाला भेटायचंय?"

"टाकीत माणूस उतरलाय. त्याला बाहेर काढायला सांगा. आत्ता."

"तुम्ही कोण?"

"बाहेर बसलेल्याचं घड्याळ बिघडलंय. त्याला माहीत नाही. आधी सांगा, मग मी लिहिते."

तो माणूस तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या आवाजात काहीतरी असावं. त्याने वॉकीटॉकी उचलला, कुणाला तरी विचारलं. खरखर झाली. पलीकडून कुणीतरी भराभर बोललं. लीयाला एकही शब्द कळला नाही.

"थांबा," तो म्हणाला, आणि नजर वळवली.

लीया थांबली. टेबलाच्या कडेवर एक पोपडा निघालेला होता, त्याच्याकडे बघत थांबली. मनालीला काय सांगायचं, हे तिने ठरवायचा प्रयत्न केला. आपण नोव्हेंबरपासून गप्प होतो, हे प्रविणच्या घरच्यांना कुठल्या शब्दांत सांगतात? बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. पुढचा आकडा तिला आठवेना.

सात मिनिटांनी नितेश चालत आला. हेल्मेट हातात, चेहरा काळवंडलेला, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"मॅडम? काका? तुम्ही कुठे इथे?"

"प्रविण?"

"फर्स्टएडमध्ये हाय. काखेत बर्फ लावून ठेवलाय." तो टेबलाला टेकला. "पहिल्या वेळेला वाजलंच नाय. मी आपला बसलोय रश्शी धरून. आमची रश्शी ताठ असते, मॅडम, आतला माणूस अधूनमधून ओढतो. ती एकदम ढिली पडली. मी बघतच नाय बसलो, खेचला. वर आला तर डोळे पांढरे. साहेबाच्या घड्याळात पाहिलं तर एकतीस मिनिटं."

"शुद्धीवर आहे?"

"शिव्या घालतोय मला. आईवरून. म्हणजे ठीक हाय." तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. "आणि हे बघा तुमचं. बारा चाळीस दाखवतंय. चायनाचा माल, दुसरं काय."

वीसच्या वर अकरा मिनिटं. लीयाने टेबलाची कड धरली. प्रविणच्या हाताला रश्शी ओढायची सवय नसती तर, हा विचार तिने अर्ध्यावर तोडला.

"मालाची चूक नाही, नितेश," ती म्हणाली. "आमची आहे. त्यात जुना सेल राहिला होता. नवा घालायचा राहून गेला."

नितेशने तिच्याकडे पाहिलं, मग सॉलोमनकडे. सिक्युरिटीचा माणूस उगीच रजिस्टरची पानं उलटू लागला.

"काका, तुमच्याकडे मी एवढ्यासाठी येतो," नितेश म्हणाला. "नाक्यावर पण सेल घालून मिळतो."

सॉलोमनचा चेहरा पडला. त्यांनी खाली पाहिलं. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "आण इकडे," ते म्हणाले. "आत्ता करून देतो. लीया, सेल दे."

लीयाने पाकीट दिलं. खुर्ची न घेता, उभ्यानेच, त्यांनी मागचे चार स्क्रू काढले आणि ते चार कोपऱ्यांत मांडून ठेवले. झाकण उचललं. आवाजाची बारीक स्प्रिंग पडू न देता बाजूला घेतली. त्यांचे हात जरासुद्धा थरथरत नव्हते. कडी सोडवून जुना सेल काढला, रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर ठेवला. नव्याचं पाकीट फोडलं, तो सेल त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही सारखेच चकचकीत, शर्टाच्या बटणाएवढे. मग त्यांनी रुमालाने आतले संपर्क पुसले आणि नितेशला समजावत राहिले, की बदलल्यावर इथे चिमटा टेकवायचा असतो, नाहीतर सर्किट जागं होत नाही, नव्वद टक्के लोक हेच विसरतात.

नितेश नाइलाजाने ऐकत होता. लीया हात बघत होती.

हात पुठ्ठ्याकडे गेला. घाई नव्हती, चाचपडणं नव्हतं. चिमट्याने डावीकडचा सेल उचलला, जुना, आणि तो सफाईने घड्याळात बसवला. कडी टक्‌ करून लागली. चिमटा योग्य जागी टेकला. आकडे उमटले, काळेभोर, स्पष्ट.

"झालं," सॉलोमन म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. नवा सेल त्यांनी नीट त्याच्या पाकिटात घातला आणि पाकीट लीयापुढे धरलं. "हा ठेव. कुणाचा तरी आहे."

झाकण लावायला त्यांनी पहिला स्क्रू उचलला. नितेशला काही दिसलं नव्हतं. त्याने घड्याळ घ्यायला हात पुढे केलाच होता.

लीयाने वडिलांच्या मनगटावर हात ठेवला. ते गरम होतं, आणि त्यातली नाडी अगदी नियमित चालली होती. त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत तिला पहिल्यांदा तीच भीती दिसली जी सकाळपासून तिला वाटत होती. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. कधीपासून कोण जाणे.

"पप्पा, स्क्रू खाली ठेवा," ती म्हणाली. "दुकान आजपासून बंद करायचं."